रॅश कोण, नेग्लिजंट कोण?

प्रश्न : माझ्या भाच्याच्या मोटारीने मागच्या वर्षी वर्धा रोडवर एका स्कूटरला धडक दिली. स्कूटरवरच्या काकांचा पाय मोडला. जीव वाचला हे नशीब. आता कोर्टाचे कागद आले आहेत. त्यात ‘भरधाव वेगाने, निष्काळजीपणे व बेदरकारपणे’ असं लिहिलंय आणि वकीलसाहेब बोलताना सारखं ‘रॅश अँड नेग्लिजंट’ म्हणतात. मी शब्दकोश काढून बसलो. दोन्ही शब्दांपुढे अविचारी, बेपर्वा, बेफिकीर असे फिरून फिरून तेच अर्थ. एकच गोष्ट सांगायला दोन शब्द कशाला? वकिलांना शब्दागणिक फी मिळते म्हणून?
— एक वाचक, अजनी, नागपूर

उत्तर : फीचं तुम्ही आणि वकीलसाहेब बघून घ्या, पण ही जोडी त्यांनी जमवलेली नाही. ती कायद्यातच आहे. फक्त कायद्यात दोन शब्दांच्या मध्ये ‘आणि’ नाही, ‘किंवा’ आहे. कृती रॅश असो किंवा नेग्लिजंट, दोहोंपैकी एक शाबीत झालं तरी पुरतं. त्या ‘किंवा’चा ‘व’ होतो तो पोलीस ठाण्यात. अपघाताची फिर्याद लिहिण्याचा तिथे एक ठरलेला साचा आहे : ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, निष्काळजीपणे व बेदरकारपणे चालवून…’ गल्लीत सायकलला धक्का लागलेला असो की रिंग रोडवर ट्रक उलटलेला असो, वाक्य तेच. लिहिणाऱ्या हवालदारांना दोष देत नाही, रात्री दोन वाजता पंचनामा आटोपून आलेल्या माणसाने शब्दांची पारख किती करावी? पण या साच्यामुळेच तुम्हाला, आणि तुमच्यासारख्या पुष्कळांना, दोन्ही शब्द एकच वाटतात. ते एक नाहीत.

फरक एवढाच पाहायचा : धोका माणसाच्या मनात येऊन गेला होता का?

१८७२ साली मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हॉलोवे यांनी हे फार नेमकं मांडलं. रॅश माणसाला ठाऊक असतं की यातून वाईट घडू शकेल. तरी तो ते करतो, कारण घडणार नाही अशी त्याला आशा असते. कधी कधी तर आपण पुरेशी काळजी घेतली आहे अशी त्याची खात्रीही असते. नेग्लिजंट माणसाच्या डोक्यात ते येतच नाही. पण त्या जागी जेवढं सावध असायला हवं तेवढा तो असता, तर आलं असतं. पहिल्याचा दोष, कळूनही पुढे गेला. दुसऱ्याचा दोष, कळायला हवं तेवढंही पाहिलं नाही. आपल्या नागपुरात पहिला म्हणतो, ‘काही होत नाही बे!’ आणि दुसरा नंतर म्हणतो, ‘माझं ध्यानच नव्हतं.’ दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज न्यायाधीशाने जे चार लांब वाक्यांत सांगितलं, ते आपल्याकडे रोज कुठल्या ना कुठल्या चौकात ऐकू येतं.

रात्री अकराला व्हरायटी चौकात सिग्नल लाल आहे. एक पोट्टा गाडी थांबवतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो. बस येताना त्याला दिसते. अंतर तो डोळ्यांनी मोजतो आणि ‘निघून जाऊ’ म्हणून गाडी काढतो. हा रॅश. त्याने पाहिलं नाही असं कोणी म्हणू शकत नाही, उलट त्याने पाहिलं हेच त्याच्या विरुद्ध जातं. आता धरमपेठेतल्या एखाद्या बंगल्याच्या फाटकातून कुणी सद्गृहस्थ सकाळी मोटार मागे घेतात. वेग पायी चालण्याएवढा. आरशात न बघता घेतात, आणि मागे दूधवाल्याची सायकल. हे नेग्लिजंट. त्यांना रॅश कसं म्हणणार? आयुष्यात त्यांनी सिग्नल मोडला नसेल.

मोबाइलवाले मात्र दोन्हींत बसतात. गाडी चालवताना मेसेज आला. बघू नये हे माहीत असून फोन हातात घेतला, तो क्षण रॅशपणाचा. मग वाचता वाचता पुढची स्कूटर दिसलीच नाही, तो क्षण निष्काळजीपणाचा. अशा वेळी ठाण्यातल्या साच्यातला तो ‘व’ चुकून बरोबर ठरतो.

हा सगळा पुस्तकी काथ्याकूट नाही. आपल्या राज्यातल्याच एका मोटारचालकाचा खटला १९६०च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पादचाऱ्यांसाठी रस्ता ओलांडायच्या जागी त्याच्या मोटारीने धडक दिली आणि त्यात मृत्यू झाला. न्यायालयाने दोन्ही शब्द अगदी सुटे करून पाहिले. मोटारीचा वेग तिथल्या मर्यादेतच होता, बेफाम चालवल्याचा दुसरा कुठला पुरावा नव्हता. म्हणून रॅश नाही. पण पुढे पादचाऱ्यांची वाट आहे, तिथे कुणी ओलांडतंय का हे बघणं चालकाचं काम होतं, आणि ते त्याने केलं नाही. म्हणून नेग्लिजंट. एका शब्दाखाली सुटला, दुसऱ्याखाली अडकला. हे दोन शब्द एकच असते तर असा निकाल लागलाच नसता.

‘भरधाव’चंही तसंच. १९९८ मध्ये कर्नाटकातल्या एका ट्रकच्या प्रकरणात साक्षीदार म्हणत होते, ट्रक जोरात होता. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, जोरात म्हणजे किती? वेग हा जागेवर ठरतो, नुसत्या ‘हाय स्पीड’ म्हणण्याने रॅशपणाही शाबीत होत नाही आणि निष्काळजीपणाही. आरोपी सुटला तो सुटलाच. समृद्धी महामार्गावर जो वेग रांगल्यासारखा वाटतो तोच महालाच्या गल्लीत जीव घेईल. म्हणून तुमच्या भाच्याच्या प्रकरणात ‘भरधाव’ या शब्दाला घाबरू नका आणि त्याच्यावर विसंबूनही राहू नका. टायरच्या खुणा, कॅमेऱ्यातलं चित्रण, स्कूटर कुठून वळली, भाच्याला ती कधी दिसली, कधी दिसायला हवी होती, हे प्रश्न खरे. पाय मोडणं कायद्याने ‘जबर दुखापत’ ठरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तिथेही शब्द तेच दोन, मध्ये ‘किंवा’. शिक्षेच्या वरच्या मर्यादेत कायदा दोघांत भेद करत नाही. न्यायाधीश प्रत्यक्ष शिक्षा देताना करतात.

एक गंमत सांगायची राहिली. हे दोन शब्द मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात होते. १८६० ला दंड संहिता झाली तेव्हा त्यांचं मृत्यूबद्दलचं कलम गळालं, आणि दहा वर्षांनी, १८७० मध्ये, चूक उमगल्यासारखं ३०४-अ म्हणून मागाहून चिकटवलं गेलं. त्या कलमाच्या मथळ्यात फक्त नेग्लिजन्स आहे, रॅश नाही, मजकुरात दोन्ही. आता ते कलम न्याय संहितेत १०६ झालं, शिक्षा दोन वर्षांची पाच वर्षं झाली, पण मथळा तसाच अर्धा राहिला. मराठी मथळ्यात ‘हयगय’ असते. हा शब्द छान आहे. आजी म्हणायची ना, औषधाची हयगय करू नकोस? नेग्लिजन्सला याहून जवळचा शब्द मला माहीत नाही. रॅशसाठी ‘बेदरकार’. दरकार म्हणजे पर्वा. परिणाम दिसतो पण त्याची पर्वा नाही, असा. कायद्याचं मराठी आपण ऊठसूट हसण्यावारी नेतो. इथे भाषांतरकाराने इंग्रजीपेक्षाही फोड नीट केली आहे.

प्रश्न : संक्रांतीत नायलॉन मांजाने गळा कापला, ही बातमी नागपुरात दरवर्षी असते. पतंग उडवणारा यात कोणता, रॅश की नेग्लिजंट? की पतंग उडवणं हा गुन्हाच नाही?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : पतंग उडवणं गुन्हा नाही, आणि नागपूरकराला तसं सांगायची माझी छातीही नाही. जानेवारीत दुपारी कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं की ‘ओ काट’चा गलका, कुणाच्या हातात चक्री, कुणाचं बोट कापलेलं. पूर्वीचा मांजा म्हणजे सुती दोरा, काचेची खळ लावलेला. तो कापतो, पण ओढ बसली की तुटतो. नायलॉनचा मांजा म्हणजे मासे धरायचा तंगूसच. तुटतच नाही. त्याचं हे न तुटणंच विकलं जातं आणि त्यानेच गळा चिरतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर त्याच्यावर बंदी घातली. जानेवारी २०२१ मध्ये नागपुरात एका तरुणाचा दुचाकीवर जाताना याच मांजाने जीव गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून हा विषय याचिका म्हणून हातात घेतला. आता संक्रांतीच्या आधी आठ दिवस आपल्याकडे मफलर थंडीसाठी कमी आणि मांजासाठी जास्त बांधतात. स्कूटरच्या हँडलवर तारेची कमान लावून देणारे रस्त्याच्या कडेला बसतात. दुसऱ्या एखाद्या शहरातला माणूस ती कमान बघून चक्रावेल.

तर तुमचा प्रश्न. दहा वर्षांचं पोरगं, बापाने आणून दिलेल्या चक्रीवर पतंग उडवतंय, दोरा कसला ते त्याला ठाऊक नाही. त्याला सोडा. पण ज्याने बंदी आहे हे माहीत असून, दुकानदाराने कापडाखालून काढून दिलेली चक्री दीडपट पैसे मोजून घेतली, त्याच्या मनात धोका आला नव्हता असं कसं म्हणायचं? बंदी कशासाठी आहे हे गेल्या संक्रांतीच्या बातम्यांनी त्याला सांगितलंय. तो म्हणतो, आपला पतंग तर वर आहे, रस्त्यावर कुठे येतो! हॉलोवेसाहेबांची व्याख्या इथे शब्दशः बसते : ठाऊक आहे, पण होणार नाही अशी आशा आहे. रॅश.

आता दुसरी बाजू बघा. पतंग कटला. पन्नास मीटर दोरा रस्त्यावरच्या दोन विजेच्या खांबांमध्ये लोंबकळत राहिला. कुणी तो गुंडाळला नाही, कारण खेळ संपला, पोरं जेवायला गेली. चार दिवसांनी, संक्रांत उलटून गेल्यावर, संध्याकाळच्या अंधूक उजेडात तिथून एक दुचाकी जाते. दोरा सोडून जाणाऱ्याच्या मनात त्या दुचाकीचा विचार शिवलाही नव्हता. हे नेग्लिजंट. पण तो दोरा कुणाचा हे शोधायचं कसं? माझ्या मते या प्रश्नातली खरी अडचण शब्दांची नाहीच. रॅश असो की नेग्लिजंट, माणूस सापडायला हवा. आणि मांजाचं दुसरं टोक कधीच सापडत नाही. म्हणून पोलीस उडवणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याच्या मागे लागतात, आणि ते बरोबरच करतात. विकणाऱ्याची गच्ची नसते, दुकान असतं.

कारण आणि परिणाम यांच्यातलं हे अंतर न्यायालयंही मोजतात. १९६२ मध्ये मुंबईत एका रंगाच्या कारखान्याला आग लागून सात कामगार गेले. एकाच खोलीत पेटते बर्नर आणि टर्पेंटाइन. मालकाने ते चालू दिलं होतं, परवान्यात बसत नसताना. ऐकून वाटेल, हा तर सरळ दोषी. पण सर्वोच्च न्यायालयाने ३०४-अ मधून त्याला सोडलं. आग प्रत्यक्ष लागली ती एका कामगाराने घाईघाईत गरम राळेत टर्पेंटाइन ओतल्याने, म्हणून. मृत्यूचं अगदी जवळचं कारण तुमची कृती असावी लागते, मागचं कुठलं तरी कारण असून भागत नाही. आगीच्या बाबतीत हयगय केल्याच्या वेगळ्या, हलक्या कलमाखाली मात्र त्याची शिक्षा कायम राहिली. मला हा निकाल कधी पटत नाही. खोलीत बर्नर ठेवणाऱ्याला घाई करणारा कामगार दिसायला नको होता का? पण कायदा तसा आहे, आणि मांजाच्या प्रकरणात विक्रेत्याचा वकील हाच निकाल पुढे करील याची खूणगाठ बांधून ठेवा.

प्रश्न : डॉक्टर नेग्लिजंट असतो हे ऐकतो. रॅश डॉक्टर कधी असतो का?
— एक वाचक, धंतोली

उत्तर : धंतोलीत राहून हा प्रश्न विचारता म्हणजे शेजारी सगळे डॉक्टर असणार. जपून लिहितो.

असतो, पण क्वचित. मध्य प्रदेशातल्या एका नोंदणीकृत होमिओपॅथचं प्रकरण प्रसिद्ध आहे. नारूसाठी आलेल्या बाईला त्याने स्ट्रॅमोनियमचे चोवीस थेंब आणि धोत्र्याचं पान दिलं. बाई दगावली. खालच्या न्यायालयाने सरळ खून ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने खून काढून ३०४-अ लावलं : विषारी औषध, त्याचा परिणाम काय होईल याचा अभ्यास न करता देणं ही बेदरकार आणि हयगयीची कृती आहे. विदर्भात नारू ज्यांनी पाहिला त्या पिढीला ही कहाणी फार दूरची वाटणार नाही. आमच्याकडेही नारूवर काय काय बांधलं आणि पाजलं जाई!

शिकलेल्या डॉक्टरांच्या बाबतीत न्यायालय बरंच सबुरीने घेतं. ५ ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, डॉक्टरला फौजदारी खटल्यात ओढायचं तर नुसती चूक किंवा उपचार फसणं पुरेसं नाही, हयगय ढोबळ, डोळ्यांवर येणारी हवी. त्या प्रकरणात लुधियानाच्या रुग्णालयात प्राणवायूचं सिलिंडर रिकामं निघालं होतं; तरीही डॉक्टरांवरचा फौजदारी खटला रद्द झाला. नव्या संहितेत डॉक्टरसाठी शिक्षाही वेगळी : इतरांना पाच वर्षांपर्यंत, नोंदणीकृत डॉक्टरला उपचार करताना दोन वर्षांपर्यंत. ग्राहक आयोगात भरपाई मागायची तर मोजमाप एवढं कडक नाही. बहुतेकांनी तिकडेच जावं.

प्रश्न : दारू पिऊन चालवणारा रॅश म्हणायचा का? मग काही प्रकरणांत एकदम सदोष मनुष्यवध कसा लागतो? आणि ‘हिट अँड रन’चं दहा वर्षांचं कलम लागू झालं की नाही?
— एक वाचक, वाडी

उत्तर : रॅशच्या पुढे आणखी एक पायरी आहे. नेग्लिजंटच्या मनात धोका येत नाही. रॅशच्या मनात येतो आणि तो आशेवर पुढे जातो. तिसऱ्याला हे ठाऊकच असतं की या कृतीने माणूस मरण्याचा संभव आहे. आशा धरायला काही आधार उरलेला नसतो. हे ‘ज्ञान’ शाबीत झालं की ३०४-अ, म्हणजे आताचं १०६, सुटतं आणि सदोष मनुष्यवध येतो. वरवर पाहता अंतर केसाएवढं, पण शिक्षेत दहा वर्षांपर्यंतची उडी. वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात मेले, आठ जखमी झाले, आणि चालकाने दारू घेतलेली होती. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षं कैद दिली, ती सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कायम केली. दारू पिऊन स्टिअरिंग धरणाऱ्याला काय होऊ शकतं हे ठाऊक असतं, या दिशेने न्यायालयं आता झुकली आहेत. आपल्या रामझुला पुलावर फेब्रुवारी २०२४ मध्ये मोटारीच्या धडकेत दोन तरुण गेले, तेव्हाही आधी ३०४-अ आणि मग सदोष मनुष्यवधाचं ३०४ असा प्रवास झाला. गावभर चर्चा चालकाची झाली, पण न्यायालयात भांडण होतं ते या दोन कलमांमधल्या त्या केसाएवढ्या जागेचं.

हिट अँड रनचं कलम म्हणजे १०६चं दुसरं पोटकलम : बेदरकार किंवा हयगयीच्या चालवण्याने मृत्यू झाला आणि चालक पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी याच कलमासाठी गाड्या उभ्या केल्या होत्या. पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा तुम्ही वाडीत राहता म्हणजे पाहिल्याच असतील. ट्रकवाल्यांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर सरकार. ते अगदीच खोटं नाही. केंद्राने माघार घेतली, आणि १ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाली ती हे एक पोटकलम वगळून. त्यामुळे पळालेल्या चालकावर तेव्हापासून १०६चं पहिलं पोटकलम लागतं, पाच वर्षांपर्यंतचं. शिवाय अपघातानंतर मदत न केल्याचं आणि पोलिसांना न कळवल्याचं मोटार वाहन कायद्यातलं कलम आहेच.